हलकं पातं

पांढऱ्या भुकटीवर लाल रेघ उमटली आणि विक्रमसिंहाचा हात तिथल्या तिथे थांबला. खरं म्हणजे थांबण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. देवासच्या त्या कारखान्यात पंपाचे ओतीव भाग तपासण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. लाल रंग लावायचा, तो मुरू द्यायचा, फडक्यानं स्वच्छ पुसून टाकायचा आणि वरून पांढऱ्या भुकटीचा फवारा मारायचा. लोखंड धड असेल तर पांढरं ते पांढरंच राहतं. कुठे केसाएवढा तडा असलाच, तर त्यात शिरून बसलेला रंग हळूहळू वर येतो. रेघ दिसली की माल बाद. त्यात विचार करायचा नसतो, आणि विचार करायचा नसतो म्हणूनच विक्रमसिंहाला ही नोकरी आवडत आली होती. शेजारच्या टेबलावरचा फत्तेसिंग लगेच बोलला. तो बागलीचा, आणि दुसऱ्याच्या टेबलावर काय चाललंय हे पाहिल्याशिवाय त्याचं स्वतःचं काम पुढे सरकत नसे. "क्या भिया, कहां खो गए? बाद है तो बाद में डालो, देख क्या रिये हो?" विक्रमसिंह तो भाग पाहतच नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे दुसरी एक रेघ आली होती, इतकीच बारीक, इतकीच लाल, लाकडी पात्यावरची. ती त्यानं कालच अगदी जवळून, चष्मा कपाळावर सारून पाहिली होती, आणि सोडून दिली होती.

काल दसरा होता. त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांच्या घरी अजूनही शस्त्रं पूजेला मांडतात. शस्त्र म्हणावं अशी आता एक तलवारच उरली आहे, आणि तीही म्यानातून निघताना कुरकुर करते. बाकी पाटावर गर्दी असते ती त्याच्या मापाच्या हत्यारांची, बायकोच्या, प्रियांकाच्या कात्रीची, गाडीच्या किल्लीची, मुलीच्या, अनन्याच्या कंपासपेटीची. यंदा अनन्यानं आपल्या विमानाचा प्रोपेलरही आणून ठेवला. राजाबाईंनी, म्हणजे आईसाहेबांनी, आधी नाक मुरडलं. "पंख्याची कसली गं पूजा?" म्हणाल्या, आणि मग सगळ्यांत जास्त कुंकू त्यालाच लावलं. पाण्यात कालवून, बोटानं चोळून, दोन्ही पात्यांना आणि मधल्या भोकाभोवती. नात रिमोटनं विमान उडवते हे त्या देवळात दहा जणींना सांगत असत, मग कुंकवात कसली काटकसर? पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही हा घरचा रिवाज. त्यामुळे ते ओलं कुंकू लाकडावर निवांत बसून राहिलं. सकाळी विक्रमसिंहानं प्रोपेलर उचलून ओल्या फडक्यानं पुसला. सगळं निघालं, फक्त एका पात्याच्या मुळाशी, जिथे ते मधल्या जाड भागाला मिळतं तिथे, एक रेघ राहिली. त्यानं पुन्हा पुसलं. नखानं खरवडायला लागला तशा आईसाहेब देवघरातून म्हणाल्या, "राहू दे रे थोडं. सगळंच पुसून काढू नये, देवीचं असतं." त्याला ते पटलं. लाकडाच्या शिरेत कुंकू मुरलंय, असं तो मनाशी म्हणाला. जी गोष्ट कारखान्यात त्यानं झोपेतही ओळखली असती, ती घरी पाटावरून उचलल्यामुळे त्याला ओळखू आली नाही.

आणि हे एवढ्यावरच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण थरथरीशी त्याचं जुनं वैर होतं. मागच्या वर्षी धारच्या माळावर अनन्याचं पहिलं विमान उडालं, झकास उडालं, पण खालून पाहताना त्याला दिसत होतं की शेपटीच्या कडा पुसट होताहेत. इंजिनाच्या थरथरीनं शेपटी कापत होती. अशा थरथरीनं स्क्रू ढिले होतात, तारा निसटतात. आतल्या रिसीव्हरची तार निसटली आणि विमान कुणाचं काही न ऐकता सोयाबीनच्या शेतात जाऊन पडलं. अनन्या रडली नाही. शेतातून तुकडे ओढणीत गोळा करून आणले आणि एवढंच विचारलं, "बाबा, ये इतना हिल क्यों रहा था?" त्या प्रश्नानं त्याला वेड लावलं. इंजिनाखाली रबराच्या चकत्या आल्या, रिसीव्हरभोवती फोम आला, उभ्या विमानाच्या पंखावर पाण्याचा पेला ठेवून इंजिन चालवून पाहणं आलं. प्रोपेलरसाठी तर त्यानं उपकरणच बनवलं. दोन चुंबकांमध्ये अधांतरी राहणारी एक बारीक दांडी. प्रोपेलर तिच्यात ओवला की जड पातं आपोआप खाली येतं. मग जड पात्याची पाठ पॉलिशपेपरनं घासायची, नाहीतर हलक्या पात्याला लॅकरचा हात द्यायचा. दोन्ही पाती आडवी, कुठेच न कलता थांबली की त्याला जे वाटे ते समाधान त्याला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं. आईसाहेब आणि प्रियांका यांच्यामध्ये तर कोणतंच पातं कधी आडवं थांबलं नाही. निदान हे थांबत होतं.

काल जे पातं हलकं निघालं ते नेमकं रेघेचं. त्यानं त्याला लॅकरचा हात दिला, रेघेवरूनच. सुकल्यावर पुन्हा पाहिलं, अजून किंचित हलकं. आणखी एक हात दिला. मग अनन्याला हाक मारली. तिनं फुंकर घातली, प्रोपेलर सावकाश फिरला आणि आडवा थांबला. "परफेक्ट, बाबा," ती म्हणाली, आणि विक्रमसिंहाची छाती फुगली. मागच्याच रविवारी उतरताना विमानाचं नाक टेकलं होतं. जमिनीला टेकलेला लाकडी प्रोपेलर फेकून द्यायचा असतो, हे तिला त्यानंच शिकवलं होतं. पण टोकाला नुसता ओरखडा दिसत होता, आणि इतका हलका, इतका सरळ प्रोपेलर पुन्हा हाती लागला नसता. तोल साधला म्हणजे सगळं साधलं, असं तो धरून चालला होता. तडा गेलेली वस्तूसुद्धा तोलात बसू शकते, हे इतकं साधं होतं, आणि ते त्याला आता टेबलाशी उभ्या उभ्या कळत होतं. काल दुपारीच प्रियांका आणि अनन्या प्रियांकाच्या भावाबरोबर, प्रतापरावांबरोबर, त्यांच्या गाडीतून धारला गेल्या होत्या. आज सकाळी त्याच माळावर अनन्या पहिल्यांदा एकटी, मामाच्या दुसऱ्या रिमोटचा आधार न घेता उडवणार होती. ते इंजिन पूर्ण उघडलं की तो प्रोपेलर मिनिटाला दहा हजारांवर फेरे घेतो.

घरी काम निघालं असं सांगून तो बाहेर आला. प्रतापरावांना फोन लावला. वाजून वाजून थांबला. माळावर इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? अनन्याचा फोन बोर्डाचं वर्ष म्हणून प्रियांकानं कपाटात ठेवला होता आणि त्यानं तेव्हा मान डोलावली होती. प्रियांकानं उचलला. मागे माहेरच्या बायकांचा कलकलाट होता. "अहो, ते केव्हाच गेले. का?" तो म्हणाला, "प्रतापरावांना सांग मला फोन करायला." "मी इथे घरी, ते तिथे माळावर, कशी सांगू? काय झालं?" "असंच," तो म्हणाला. असंच! स्वतःच्या तोंडातून शब्द बाहेर पडला तेव्हा तो त्यालाच किळसवाणा वाटला. कुणालातरी पळव, म्हणावं, पंखा लावू देऊ नका म्हणावं, एवढंच तर सांगायचं होतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर होतं की तडा गेलेला प्रोपेलर मी माझ्या हातानं पोरीच्या हातात दिला. मग गाडीत बसून त्यानं प्रतापरावांना मेसेज लिहायला घेतला. "प्रोपेलर लावू नका, तडा आहे," लिहिलं. मामाच्या फोनवरून अनन्या व्हिडिओ घेत असते, मेसेज तीच आधी वाचणार, हे त्याच्या मनात आलं. बाबांनी तडा गेलेला दिला. त्यानं ते पुसलं, आणि त्याऐवजी मेसेज बोलून पाठवला. "प्रतापराव, आज उडवू नका. कारण मग सांगतो." आणि गाडी सुरू केली.

देवासची देवीची टेकरी मागे राहिली. गाडी ऐंशीच्या वर गेली की स्टिअरिंग थरथरायला लागायचं. पुढच्या चाकांचा तोल बिघडला होता, आणि तो दाखवायला त्याला सवड झाली नव्हती. एरवी ही गोष्ट त्याला हसवून गेली असती. आज ती थरथर तळहातातून कोपरापर्यंत चढत होती आणि त्याला वाटत होतं, ही चाकांची नाही, ही आपलीच आहे. त्यानं वेग कमी केला, थरथर थांबली. वाढवला, पुन्हा सुरू. उशीर करायचा की थरथरायचं, एवढंच काय ते त्याच्या हातात होतं. तो थरथरत राहिला. लहानपणी अनन्या धुण्याच्या मशिनला दोन्ही हातांनी धरून उभी राहायची आणि "आ" असा आवाज काढायची, म्हणजे आवाज कापत बाहेर यायचा. तिला ते भारी आवडायचं. तो ओरडायचा, कपडे पिळून होईपर्यंत दूर हो म्हणायचा. तिला थरथर आवडते आणि आपल्याला खपत नाही, हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं, असं उगाच त्याच्या मनात आलं. काय कळायला हवं होतं, ते मात्र त्याला सांगता आलं नसतं.

इंदूरच्या बायपासवर ट्रकांची रांग लागली होती. त्यानं पुन्हा फोन लावला, पुन्हा वाजून थांबला. भीती वाटायची तेव्हा तो नियम आठवत असे. इंजिन चालू असताना प्रोपेलरच्या रेषेत उभं राहायचं नाही. पातं निसटलं तर ते पुढे जात नाही, मागे जात नाही, बाजूला जातं. म्हणून विमान खुंटीला दोरीनं बांधायचं, इंजिन लावणारा पंखाच्या मागे बसणार, आणि बाकी सगळे चुन्याच्या पट्टीमागे, शेपटीच्या अंगाला. ही पट्टी तोच आखत असे. त्यावरून प्रतापराव त्याला चिडवायचेही. "दाजी, लग्नाचा मांडव आहे का हा?" पण पट्टी पाळायचे. आणि अनन्या तर त्याच्याही पलीकडची. एकदा एक माणूस मुलाला कडेवर घेऊन पुढे आला तेव्हा ती त्याच्यावर अशी खेकसली होती की तो माणूस मुलाला टाकून पळतो की काय असं झालं होतं. ती पट्टीमागेच असणार. अगदी पातं तुटलं तरी गवतात जाईल, फार तर विमानाचं नाक फाटेल. तो हे मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. म्हणता म्हणता त्याला जरा बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटली. आपल्याला ती वाचायला हवी आहे, की आपण पकडले जाऊ नये असं हवं आहे? प्रश्न मनात आला तसा त्यानं हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना.

राऊ मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या सोयाबीनची शेतं, मधे मधे मळणीची धूळ. त्यानं पुन्हा लावला. या वेळी दोनदा वाजला आणि मधेच तुटला. कुणीतरी कापला होता. त्याच्या जिवात जीव आला. कापला म्हणजे फोन कुणाच्या तरी हातात आहे, म्हणजे माणसं जागेवर आहेत, म्हणजे काही झालेलं नाही. त्यानं लगेच पुन्हा लावला. आता उचला, प्रतापराव, उचला, तो मोठ्यानं म्हणत होता. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि एकदम बंद झाला. त्यानंतर लावला तर एक बाई हिंदीत आणि मग इंग्रजीत सांगू लागली की फोन बंद आहे. व्हिडिओ घेऊन घेऊन बॅटरी संपली असणार. पण त्याआधी त्याचे इतके फोन आलेले दिसले असतील, बोलून पाठवलेलं ऐकलं असेल, थांबले असतील. थांबलेच असतील. इतके फोन येतात तेव्हा कुणीही थांबतंच. ट्रकांमागे रेंगाळत तासाभरानं बेटमा आलं, तिथे त्यानं गाडी बाजूला घेतली आणि सकाळपासून पहिल्यांदा चहा मागवला. टपरीवाल्यानं "भिया, नमकीन दूं साथ में?" विचारलं, तर तो हो म्हणाला. शेव चांगली तिखट होती. आता प्रतापरावांना काय सांगायचं, याची तो जुळवाजुळव करू लागला. इंजिनाच्या बुडाशी काहीतरी शंका आली, असं सांगता येईल. प्रोपेलर आपण काढून घेऊ, देवासला नेऊ, गुपचूप मोडून टाकू. नवा आणू, तोही आडवा थांबवू. अनन्याला कळायचं कारण नाही.

प्रियांकाचा फोन आला तेव्हा हातात अर्धा पेला होता. ती रडत नव्हती, आणि तेच भयंकर होतं. "अहो, पंख्याचं पातं उडालं. अनूच्या डोळ्याला लागलंय. इथल्या डॉक्टरांनी बांधलंय, इंदूरला न्या म्हणाले. आम्ही निघालोय, घाटाबिल्लोद मागे गेलं. तुम्ही कुठे आहात?" बेटम्याला, तो म्हणाला. "बेटम्याला? का?" पण उत्तराला ती थांबली नाही. "तिथेच थांबा, येतोच." त्यानं चहाचे पैसे दिले, सुटे परत घेतले, खिशात नीट ठेवले. त्याचे हात अगदी स्थिर होते. रस्त्याच्या कडेला तो उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीला तो हात करत होता. कोणता डोळा, हे विचारायचं राहिलं होतं. ती पट्टीमागे नव्हती, एवढाच एक विचार डोक्यात येऊन बसला होता. ती पट्टीमागे का नव्हती? त्यात राग होता, आणि तो राग त्याला हवाहवासा वाटत होता. नियम मोडला की असंच होतं, असं म्हणता आलं असतं.

प्रतापरावांची गाडी थांबली. प्रतापरावांच्या सदऱ्याच्या बाहीवर रक्त वाळलं होतं आणि ते समोर पाहत होते. विक्रमसिंह मागे शिरला. अनन्याचं डोकं प्रियांकाच्या मांडीवर होतं, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, तिच्यातून मधोमध रक्त आलेलं. त्यानं तिचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. पायांना माळाची माती होती. गाडी सुरू झाली तसे प्रतापराव आरशात न पाहता बोलू लागले. "दाजी, मी काय तोंड दाखवू? सकाळभर ती पट्टीमागे होती. एकदासुद्धा पुढे आली नाही. मी इंजिनाला तेल सोडणारी सुई लावत होतो, पूर्ण उघडलं होतं, दोन्ही हात गुंतलेले..."

"मामा, तुम्ही मत बोला ना," अनन्या म्हणाली. आवाज बारीक होता, औषधानं जड झालेला. "मीच गेले. बाबा, मी व्हिडिओ घेत होते ना, तर वर तुमचं नाव यायला लागलं. बार बार. एकदा मी कट केला, की झाल्यावर लावू. तर परत आलं. मला वाटलं, आजीला काही झालं. म्हणून मामांना फोन द्यायला गेले, त्यांना दिसावा म्हणून पंख्याच्या बाजूनं."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. प्रियांका पोरीच्या केसांतली माती बोटांनी काढत होती, ती थांबली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सकाळचं "असंच" तिला आठवलं असणार. विक्रमसिंहाला वाटलं, आता सांगावं. आता नाही तर कधीच नाही. शब्द तयार होते, सोपे होते, चारच होते. त्याचं तोंड उघडलंही.

"आजी ठीक आहे ना?" अनन्यानं विचारलं.

"ठीक आहे."

"मग इतके फोन का करत होता, बाबा?"

तिचा डावा डोळा उघडा होता आणि तो त्याच्याकडेच लागला होता. त्यात राग नव्हता, शंका नव्हती, जे कळत नाही ते बाबांना विचारायचं, एवढंच होतं. विक्रमसिंहानं तिच्या पावलावरची माती अंगठ्यानं पुसली.

"नाश्ता झाला का तुझा, ते विचारायचं होतं," तो म्हणाला.

"पोहे खाल्ले होते," अनन्या म्हणाली.